दोघं, दोन कॅमेरे, चार जुनी शहरं : लिस्बन ते ग्रानाडा फोटो काढत फिरताना

लिस्बनमधल्या पहिल्याच संध्याकाळी आमचं भांडण झालं. सेन्होरा दो मोन्ते या टेकडीवर नवरा कठड्याला टेकून सूर्य मावळायची वाट बघत उभा, मी वाऱ्यात कुडकुडत, आणि पोटात दुपारच्या एका सँडविचशिवाय काही नाही. "अगं, पाच मिनिटं," हे त्याने पाऊण तासात सहा वेळा म्हटलं. सातव्यांदा म्हणाला तेव्हा मी एकटीच उतरायला लागले आणि गल्लीत रस्ता चुकले. फोटो त्याला मिळाला, पण पुढचे दोन तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्या रात्री हॉटेलच्या कागदावर आम्ही एक करार लिहिला. हा लेख बराचसा त्या करारावर आहे. जुन्या शहरात चांगला उजेड दिवसाला जेमतेम तीन तास असतो आणि ते तीन तास दोघांच्या सुट्टीतून जातात. त्याचा हिशेब आधी लावावा, लेन्सचा नंतर.

१. महिना आणि मार्ग

आम्ही ऑक्टोबरचा मध्य निवडला. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलला पारा चाळिशी ओलांडतो, दुपारभर रस्ते ओस असतात आणि ऊन इतकं पांढरं की भिंतींचे रंगच उडतात. वसंतात हवा सुरेख, पण ईस्टरच्या पवित्र आठवड्यात आणि त्यानंतरच्या जत्रेत सेव्हिलमध्ये खोल्यांचे भाव गगनाला भिडतात.

ऑक्टोबरचा आणखी एक फायदा तिथे पोचेपर्यंत आमच्या लक्षात आला नव्हता. स्पेन भौगोलिकदृष्ट्या पश्चिमेला असूनही घड्याळ मध्य युरोपचं लावतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्याला सेव्हिलमध्ये सूर्य साधारण साडेआठला उगवतो आणि पावणेआठ-आठला मावळतो. सूर्योदयाच्या फोटोसाठी पहाटे चारचा गजर लावायची सवय असलेल्या माणसाला ही चैनच. साडेसातला उठायचं, कॉफी प्यायची, तरी सूर्योदयाआधीच्या निळ्या उजेडात चौकात हजर. संध्याकाळचंही गणित जुळतं, कारण तिथली बरीच स्वयंपाकघरं दुपारी चारनंतर बंद होतात ती रात्री आठ-साडेआठलाच उघडतात. सूर्यास्त आटोपून जेवायला गेलं की आपण वेळेवर पोचलेलो असतो. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे आहे, म्हणून लिस्बनमध्ये सूर्योदय पावणेआठच्या सुमारास आणि सूर्यास्त सातला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. सहल त्या तारखेला ओलांडत असेल तर सगळ्या वेळा पुन्हा मांडा.

मार्ग असा ठेवला : लिस्बन चार रात्री, सेव्हिल चार, कोर्दोबा एक, ग्रानाडा तीन. लिस्बन ते सेव्हिल थेट रेल्वे नाही, बसने सहा-सात तास जातात. सेव्हिल ते कोर्दोबा मात्र वेगवान गाडीने पाऊण तासात. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे मागायचा, म्हणजे आमच्या हिशेबाने स्पेनकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कोर्दोबाला एकच रात्र ठेवली ही आमची चूक. तुम्ही दोन ठेवा.

२. अल्हाम्ब्राचं तिकीट विमानाच्या तिकिटाइतकं मनावर घ्या

ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्यात नसरिद या मुस्लिम राजघराण्याच्या राजवाड्यांना तिकिटावर ठरावीक वेळ छापलेली असते. ती चुकली की बाकी सगळा किल्ला बघता येतो, पण राजवाडे गेले. तिकिटावर नाव असतं आणि दारात मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. आमचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहिले होते, हे चढ चढून गेल्यावर आठवलं. नवरा खाली धावत गेला आणि टॅक्सीने परत आला, वेळ संपायला चार मिनिटं असताना. तिकिटं काही आठवडे आधीच संपतात, म्हणून तारीख ठरली की पहिलं हे काम.

वेळ निवडताना मी सकाळची पहिली घ्या असं सांगेन. तेव्हा अंगणात थेट ऊन नसतं ही तक्रार खरी आहे, पण वारा पडलेला असतो, गर्दी विरळ असते आणि हौदातलं प्रतिबिंब अखंड मिळतं.

३. करार

आमचा करार पाच ओळींचा होता. दिवसाला उजेडाचे दोन टप्पे, सकाळ आणि संध्याकाळ. एक त्याचा, एक माझा. ज्याचा टप्पा त्याने जागा ठरवायची आणि दुसऱ्याने कुरकुर करायची नाही, पण दुसऱ्यावर थांबायची सक्तीही नाही. एका जागी अर्धा तास, त्यापुढे थांबायचं तर विचारायचं. वेगळं होताना भेटायची जागा नकाशावर खूण करून दोघांच्या फोनवर, आणि ती जागा बसायची, खायची, आडोशाची. दिवसातलं एक जेवण कॅमेरे पिशवीत ठेवून.

एवढ्यावर भागलं नसतं, कारण थांबणाऱ्याला काम नसलं की चिडचिड होतेच. म्हणून आम्ही विषय वाटून घेतले. नवऱ्याकडे इमारती, आकाश, लांबचं दृश्य. माझ्याकडे माणसं, दारं, हात, पाट्या, टाइल्स, दुकानाची शटरं. तो कठड्यावर ट्राम यायची वाट बघत असताना मी मागच्या गल्लीत वाळत घातलेले कपडे टिपत असायचे. घरी आल्यावर कळलं की दोघांचे फोटो शेजारी ठेवले तरच शहर पुरं होतं. त्याच्या लिस्बनमध्ये माणूसच नव्हता आणि माझ्या लिस्बनमध्ये नदी नव्हती.

४. निघण्याआधी घड्याळं जुळवा

ही पायरी कोणी सांगत नाही. दोघांकडे वेगवेगळे कॅमेरे असतील तर दोन्हींची वेळ सेकंदापर्यंत जुळवा. माझा कॅमेरा भारतीय वेळेवर राहिला होता, नवऱ्याचा फोन आपोआप तिथली वेळ घेत होता. लिस्बनमध्ये हा फरक साडेचार तासांचा, स्पेनमध्ये साडेतीनचा. घरी येऊन सगळे फोटो वेळेनुसार लावले तर माझी सकाळची कॉफी त्याच्या दुपारच्या जेवणानंतर येत होती. दुरुस्त झालं, पण पूर्ण एक रविवार गेला.

सोपा उपाय म्हणजे विमानतळावर उतरल्यावर फोनवरचं सेकंदाचं घड्याळ दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपायचं. पुढे काही चुकलंच तर फरक किती हे त्या दोन फोटोंवरून कळतं. दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइल्सना नावाचा वेगळा उपसर्गही द्या, नाहीतर एकाच नावाच्या दोन फाइल्स एकमेकींवर बसतात.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. एक कॅमेरा २४-७० मिलिमीटर झूमचा, दुसऱ्यावर ३५ मिलिमीटरची एकच लेन्स, दोन फोन, तळहाताएवढा ट्रायपॉड, एक चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर. मोठा ट्रायपॉड घरी ठेवा. अल्हाम्ब्रा आणि कोर्दोबाच्या मशिदीत तो चालत नाही आणि लिस्बनच्या अल्फामा या जुन्या वस्तीच्या पायऱ्यांवर तो वाहून कंबरडं मोडतं. खरा खर्च बुटांवर करा. लिस्बनच्या चुनखडीच्या फरसबंदीवर पाऊस पडला की ती तेल लावल्यासारखी होते. तेव्हा फोटो झकास येतात आणि माणसं आपटतात.

५. लिस्बन : कुठल्या टेकडीवर कधी

लिस्बनमध्ये दृश्य बघायच्या जागांना मिरादोरो म्हणतात आणि नवख्या माणसाची पहिली चूक तिथेच होते. सगळ्या सुंदर आहेत, पण प्रत्येकीचं तोंड वेगळ्या दिशेला आहे. पोर्तास दो सोल पूर्वेला नदीकडे बघते, म्हणून ती सकाळची. अल्फामाची लाल कौलं आणि त्यामागून वर येणारा सूर्य. सेन्होरा दो मोन्ते आणि ग्रासा पश्चिमेकडे बघतात, तिथे संध्याकाळी आकाश रंगतं पण समोरचा साऊं जॉर्ज किल्ला काळा पडतो. उन्हात न्हालेला किल्ला हवा असेल तर समोरच्या टेकडीवर साऊं पेद्रु दे अल्कान्तारात जा. तिथे मावळता सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि किल्ला सोनेरी. भांडणाच्या संध्याकाळी आम्ही हे माहीत नसताना उभे होतो.

१ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने या शहराचे फोटोंच्या दृष्टीने दोन भाग केले. सपाटीवरचा बायशा भाग कोसळला आणि सरळ रेषांत पुन्हा बांधला गेला. अल्फामा बराचसा वाचला, त्याच्या वाकड्या गल्ल्यांसकट. बायशातले मुख्य रस्ते साधारण उत्तर-दक्षिण असल्याने भर दुपारी, दीडच्या आसपास, ऊन थेट रस्त्याच्या लांबीवर पडतं. एरवी टाळायची ती वेळ इथे चालते. रुआ आउगुस्ताच्या कमानीकडे तोंड करून उभं राहिलं की येणाजाणाऱ्यांच्या काळ्या आकृत्या मिळतात. अल्फामात याच्या उलट. दुपारी अर्धी गल्ली पांढरी आणि अर्धी काळी होते, म्हणून तिथे सकाळी लवकर जायचं.

अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसून फोटो काढायचा मोह आवरा. आत गर्दी आणि खिसेकापूंचं राज्य. ट्राम बाहेरून काढायची. कॅथेड्रलचं दर्शनी तोंड पश्चिमेला आहे, म्हणून संध्याकाळी त्यावर ऊन असतं आणि समोरून पिवळी ट्राम वळते. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवा आणि ट्रामबरोबर कमरेतून वळत जा. दहातला एक फोटो साधतो. दुसऱ्याने वळणाच्या वरच्या बाजूला थांबून ट्राम येताना हात केला तर काम निम्मं सोपं होतं.

टाइल्सना, म्हणजे आझुलेजूंना, चकाकी असते आणि उन्हात त्यांच्यावर पांढरा डाग पडतो. सावलीतली भिंत शोधा, थोडं तिरकं उभं राहा, पोलरायझर फिरवा. मी या टाइल्ससमोर जास्तच रमले, कारण पणजीतल्या फोंतेन्हासच्या घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या नावाच्या पाट्या लहानपणापासून पाहिलेल्या. लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीत वारला आणि अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीवर त्याचा पुतळा आहे. दोन्हींचे फोटो आता आमच्या अल्बममध्ये समोरासमोर आहेत, मधे कुठलाही मजकूर न टाकता.

६. सेव्हिल

सेव्हिलबद्दल थोडक्यात. हिराल्दा हा मनोरा मूळचा बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार. माथ्यावर चढायला पायऱ्यांऐवजी उतार आहेत, त्यामुळे वर पोचल्यावर हात थरथरत नाहीत. त्याचा नेहमीचा सुंदर फोटो मातेओस गागो रस्त्यावरून मिळतो. तो रस्ता मनोऱ्याच्या पूर्वेला आहे, म्हणून सकाळी जा. उंच मनोरा जवळून टिपताना कॅमेरा वर वळवला की मनोरा मागे पडल्यासारखा दिसतो. कॅमेरा सरळ धरा, मागे सरका, खालचा रस्ता फुकट जातोय असं वाटलं तरी येऊ द्या. घरी कापता येतो.

प्लासा दे एस्पान्या १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला अर्धवर्तुळाकार चौक. त्यावर ऊन दुपारनंतर येतं. इथे मी हिरवी इरकल नेसून गेले. निळ्या-पिवळ्या टाइल्ससमोर छापील कपडा हरवून जातो, एकरंगी उठून दिसतो. साडीचा पदर वाऱ्यावर जातो, हे मात्र फोटोत चांगलं आणि पुलावर चालताना वाईट.

७. कोर्दोबा : खांबांच्या रानात एक तास

इथे मी जास्त थांबणार आहे. कोर्दोबाची मशीद, आता कॅथेड्रल, सोमवार ते शनिवार सकाळी ८.३० ते ९.३० विनातिकीट उघडी असते. समारंभाच्या दिवशी अपवाद असतो, म्हणून आदल्या संध्याकाळी खात्री करा. साडेनऊला सगळ्यांना बाहेर काढतात. त्या एका तासात मोठे पर्यटक गट नसतात, आणि या वास्तूत शांतता हाच अर्धा फोटो आहे.

आत आठशेवर खांब. बरेचसे जुन्या रोमन आणि त्यांच्यानंतरच्या व्हिसिगॉथ राजवटीच्या इमारतींतून उचललेले, त्यामुळे कुणी गुळगुळीत काळसर, कुणी गुलाबी शिरांचा, उंचीला कमी-जास्त. उंची कमी पडली म्हणून बांधणाऱ्यांनी कमानीवर दुसरी कमान चढवली. त्या दुमजली लाल-पांढऱ्या कमानी सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. पण जुन्या भागातल्या एका कमानीखाली जाऊन वर बघा : लाल पट्टा विटांचा आहे, विटांच्या सांध्यातला चुना दिसतो. मग चालत पूर्वेकडच्या भागात जा, जो दहाव्या शतकाच्या शेवटी वाढवला. तिथे विटा नाहीत. सगळा दगड आणि त्यावर लाल रंग दिलेला. हे दोन फोटो शेजारी ठेवले की कुणाला काही समजवायची गरज उरत नाही. हे मला दिसलं कारण तो तास माझा होता. नवरा मधल्या भागात कमानींची रांग सरळ रेषेत यावी म्हणून डावीकडे-उजवीकडे इंचाइंचाने सरकत होता.

उजेड कमी आहे आणि फ्लॅश नको. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) २.८ किंवा ४, शटर सेकंदाच्या साठाव्या भागाहून संथ नको. भिंतीच्या शेजारी उभं राहून खांदा तिला टेकवा, श्वास सोडा आणि लागोपाठ तीन फोटो घ्या. मधला स्थिर येतो. एका माणसाला दूर खांबांत चालायला लावा. माणसाशिवाय हे रान किती मोठं आहे ते कळतच नाही. कुठे प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा खाली.

संध्याकाळी रोमन पुलाच्या दक्षिण टोकाला, काळाओरा बुरुजाजवळ उभे राहा. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी आकाश निळं होतं आणि दिवे लागतात. ते दहा मिनिटं टिकतं. कठड्यावर छोटा ट्रायपॉड पुरतो.

८. ग्रानाडा

नसरिद राजवाड्यात मर्टलच्या (विलायती मेंदीच्या) अंगणातला लांबट हौद हा पहिला थांबा. दक्षिण टोकाला उकिडवं बसा, कॅमेरा पाण्याच्या जवळ आणा, म्हणजे समोरचा कोमारेस बुरुज पूर्ण उलटा दिसतो. उभ्याने काढलेल्या फोटोत हौदाचा काठच जास्त येतो. सिंहांच्या अंगणात १२ सिंह आणि १२४ खांब आहेत, आणि सगळे लोक सिंहांचाच फोटो काढतात. तुम्ही खांबांच्या आत, सावलीत शिरा आणि बाहेरच्या उजेडाकडे बघत काढा. गर्दी असेल तर एकाच जागेवरून दर पाच सेकंदांनी वीस फोटो घ्या. नंतर संगणकावर एकत्र केले की हलणारी माणसं पुसली जातात. पिठासारख्या नाजूक चुनेगच्चीच्या नक्षीसाठी तिरपं ऊन लागतं, ते पहिल्या वेळेला नसतं. ती कसर आम्ही सोसली.

संध्याकाळी सगळं ग्रानाडा सान निकोलासच्या मिरादोरवर असतं. दृश्य त्या लायकीचं आहे, पण कठड्यावर जागा मिळायला दीड तास आधी जावं लागतं. दुसऱ्या दिवशी आम्ही खालच्या कार्बाखालेसच्या लहानशा चौकात गेलो. कोन वेगळा, किल्ला जवळ, आणि बाकावर एक आजोबा व त्यांचा कुत्रा. आजोबांना खुणेने विचारलं, त्यांनी कुत्र्याकडे बोट दाखवलं. म्हणून फोटो कुत्र्याचाच आहे.

९. दोघं एका फोटोत

अनोळखी माणसाच्या हाती महागडा कॅमेरा देऊ नका. फोन द्या, आणि देण्याआधी एकाने जागेवर उभं राहून दुसऱ्याने चौकट लावून दाखवा : "इथे उभं राहा, हा मनोरा असा यायला हवा." उत्तम माणूस म्हणजे आपल्यासारखंच फोटोसाठी धडपडणारं जोडपं. आधी त्यांचा काढून द्या, मग तेही मन लावून काढतात.

त्याहून बरं म्हणजे छोटा ट्रायपॉड आणि दर तीन सेकंदांनी फोटो घेणारी सोय. तीस फोटो लावा आणि कॅमेऱ्याकडे न बघता दहा पावलं चाला, परत या. पहिल्या दहात दोघंही अवघडलेले असतात. विसाव्यानंतर एकजण काहीतरी बोलतो, दुसरा हसतो. हे सकाळच्या रिकाम्या गल्लीतच करा. गर्दीत ट्रायपॉडपासून दहा पावलं लांब जाणं म्हणजे तो दान करणं.

१०. रात्री आणि नंतर

रोज झोपण्याआधी वीस मिनिटं. त्याच्या फोटोंची प्रत माझ्या कार्डावर, माझ्यांची त्याच्या, आणि कार्डं दोन वेगळ्या पिशव्यांत. मग कॅमेऱ्यांची अदलाबदल करून दुसऱ्याचे फोटो चाळायचे. स्वतःचा हललेला फोटो काढून टाकायला जीव होत नाही, दुसऱ्याचा लगेच जातो. पण खोडायचं नाही, फक्त खूण करायची. खोडणं घरी.

अल्बमला शहरामागे दहा फोटो, पाच त्याचे, पाच माझे. लिस्बनच्या माझ्या पाचात एक फोटो त्याचा आहे, पाठमोरा, सेन्होरा दो मोन्तेच्या कठड्यावर, शेजारी माझी रिकामी जागा. उतरायला लागण्याआधी मी तो काढला होता. तो काढून टाक म्हणून त्याची भुणभुण अजून चालू आहे, पण करारात पाच फोटो माझे लिहिलेत.